गोळ्या गरम पडतात तेव्हा

एआरटी सेंटरच्या बाकावर तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: “ताई, गोळ्या गरम पडल्या.” सांगली-मिरजेत, सोलापुरात, निपाणीत ते मराठीत ऐकू येतं. म्हैसूरला कानडीत ऐकू येतं, पण शब्द ओळखीचाच असतो: उष्ण. तोंड आलं, गरम पडल्या. अंगावर पुरळ उठलं, गरम पडल्या. रात्री भलतीसलती स्वप्नं पडायला लागली, गरम पडल्या. जिना चढताना धाप लागते, डोळे पिवळे दिसतात, लघवी काळ्या चहासारखी होते, पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात, चूळ भरताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबत नाही, आणि तरीही वाक्य तेच राहतं. मग घरातलं कुणीतरी मायेने सांगतं, “चार दिवस बंद ठेव. ताक पी, थंड काहीतरी खा.”

त्या चार दिवसांविषयी मला या प्रस्तावनेत बोलायचं आहे.

एचआयव्हीवरचे उपचार, म्हणजे एआरटी, सुरू झाले की बहुतेकांची तब्येत सुधारते. वजन वाढतं, ताप जातो, माणूस कामावर परततो. पण थोड्या लोकांच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एक उलटाच प्रकार घडतो. शरीराची परत उभी राहू लागलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपेशी परक्या समजून मोडू लागते. तांबड्या पेशी मोडल्या तर त्याला ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. प्लेटलेट मोडल्या तर इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातलं ‘आयटीपी’. दोन्ही एकाच वेळी झालं तर इव्हान्स सिंड्रोम. १९५१ मध्ये रॉबर्ट इव्हान्स या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. यातलं आयटीपी एचआयव्हीत त्यामानाने बरंच आढळतं आणि पुष्कळदा उपचारांच्या आधीच असतं. तांबड्या पेशींचा प्रकार दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ आजाराची अडचणच ही असते की तो समोर येतो तेव्हा कुणाच्या मनात नसतो, आणि ‘गरम पडलं’ या एका शब्दाखाली तो सहज झाकला जातो.

नीरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ ते दहा दिवस. हाडांच्या पोकळीतला मगज रोज नव्या पेशी बनवत असतो, त्यामुळे जुन्या पेशींचं जाणं आपल्याला कळतही नाही. प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी पेशीवर चिकटली, की प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला वेळेआधीच गिळतात. १२० दिवसांचं आयुष्य काही दिवसांवर येतं. मगज कितीही राबला तरी पुरवठा पुरत नाही. मोडलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पिवळ्या रंगद्रव्यात बदलतं, डोळे पिवळे होतात आणि घरचे लोक कावीळ उतरवून घ्यायला निघतात.

हे उपचार सुरू झाल्यावरच का व्हावं? कर्नाटकातल्या शेतकऱ्याला कालव्याच्या भाषेत ते पटकन कळतं. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाचं पाणी बऱ्याच महिन्यांनी कोरड्या पाटाला सुटतं तेव्हा पहिलं पाणी स्वच्छ नसतं. ते गाळ, काटक्या, पाला घेऊन येतं, आणि पाट दुरुस्त नसेल तर एखादा बांध फोडून भलत्याच वावरात शिरतं. एचआयव्हीने वर्षानुवर्षं सीडी-४ पेशी खाल्लेल्या असतात. त्यांतच प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशीही असतात. दुसरीकडे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी विषाणूच्या सततच्या टोचणीने भडकलेल्या असतात आणि वाटेल ती प्रतिपिंडं बनवत असतात. अशा शरीरात गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच विषाणू झपाट्याने कमी होतो. सुरुवातीला ज्या सीडी-४ पेशी रक्तात वाढलेल्या दिसतात त्या बऱ्याचशा लसिकाग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या पेशी असतात. नव्या कोऱ्या पेशी थायमसमधून तयार होऊन यायला महिने, कधी वर्षं लागतात. मधल्या काळात ताकद परतलेली असते, शिस्त परतलेली नसते. याच काळात आतापर्यंत गप्प असलेला क्षय एकदम उफाळतो, मानेच्या गाठी सुजतात. डॉक्टर त्याला ‘आयरिस’ म्हणतात. रक्तपेशींवरचा हल्ला त्याचाच एक दूरचा भाऊ. थायरॉइडचा ग्रेव्हज आजारही असाच उपचारांनंतर येतो, फक्त तो बहुधा वर्ष-दोन वर्षांनी उगवतो.

प्लेटलेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सापडली आहे. एचआयव्हीच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनाचा काही भाग आणि प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा भाग यांत साम्य आहे. विषाणूसाठी बनवलेलं प्रतिपिंड चुकून प्लेटलेटलाही जाऊन चिकटतं. संशोधकांनी हे दाखवून दिलं. न्यूयॉर्कमध्ये १९८२ मध्ये, विषाणूचा पत्ताही लागलेला नव्हता तेव्हा, समलिंगी पुरुषांमध्ये प्लेटलेट घटण्याचा हा आजार प्रथम नोंदवला गेला होता.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या विषयाचा इतिहास मला नुसत्या माहितीपेक्षा मोठा वाटतो. शरीर स्वतःवर उठू शकतं हे मानायला वैद्यकशास्त्र मुळात तयारच नव्हतं. पॉल एर्लिक यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं की निसर्ग असं घडू देणार नाही. आणि मग १९०४ मध्ये व्हिएन्नात ज्युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी एक आजार उलगडून दाखवला: थंडी लागली की रुग्णाच्या लघवीतून लाल रंग जायचा, कारण त्याच्याच रक्तातलं एक प्रतिपिंड थंडीत त्याच्याच तांबड्या पेशींना धरायचं. शरीर स्वतःवर उठल्याचा हा पहिला सिद्ध झालेला आजार. हे रुग्ण बहुतेक सिफिलिसचे होते. लैंगिक संबंधांतून येणारा, घरात नाव न घेतला जाणारा संसर्ग आणि त्याच्या आडून रक्तावर येणारं संकट, ही जोडी तेव्हापासूनची आहे. त्या काळच्या व्हिएन्नातल्या रुग्णानेही डॉक्टरांना काय सांगितलं असेल आणि काय दडवलं असेल, याचा अंदाज एआरटी सेंटरवर बसलेल्या कुणालाही सहज येईल.

दुसरी गोष्ट १९५० मधली. सेंट लुईसच्या एका रुग्णालयात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने प्लेटलेट घटलेल्या एका स्त्रीचं रक्त स्वतःच्या शिरेत भरून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटकाही आला. काही दिवसांनी तो सावरला. दोष मगजात नसून रक्तातच फिरणाऱ्या कशात तरी आहे, हे त्यातून ठरलं. आज कुठलीही नैतिकता समिती असा प्रयोग करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण आयटीपीच्या रुग्णाला आपण स्टेरॉइड देतो तेव्हा त्यामागे त्या माणसाने अंगावर घेतलेला धोका असतो, हे मी विसरू शकत नाही.

आणि १९४५ मधली कूम्ब्स चाचणी. केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स यांनी मूरंट आणि रेस या सहकाऱ्यांबरोबर ती बसवली. कूम्ब्स मूळचे जनावरांचे डॉक्टर. तांबड्या पेशीवर प्रतिपिंड चिकटलेलं आहे का हे या चाचणीत काही मिनिटांत दिसतं. रक्तपेढी म्हटली की तिथे ती असतेच. तालुक्याच्या गावात न होणारी चाचणी जिल्ह्याच्या रुग्णालयात होऊ शकते, फक्त ती मागणारा कुणीतरी हवा.

आता म्हैसूर. सीमाभागातल्या आणि सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘म्हैसूर’ म्हणजे अजूनही राज्य. १९७३ पर्यंत कर्नाटकाचं नाव तेच होतं आणि आपल्या सीमावादाच्या साऱ्या आठवणी त्या नावाशी बांधलेल्या. शहर म्हैसूर त्यांना दसरा आणि चामुंडी टेकडीपुरतं ठाऊक. देवराज मार्केटच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव आहे, हे सांगितलं की मात्र त्यांचे चेहरे खुलतात. त्या रस्त्यापासून जवळच कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. सगळे त्याला के. आर. हॉस्पिटल म्हणतात. ते १९२४ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. मंड्या, चामराजनगर, कोडगू इथून पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं तिथे येतात.

म्हैसूरवर मी थांबतो याला कारण आहे. एचआयव्हीच्या कामात या शहराने आणि जिल्ह्याने जे केलं ते पुष्कळ मोठ्या शहरांना जमलेलं नाही. म्हैसूर मेडिकल कॉलेजच्याच विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्याबरोबर १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली. सरगूरचं त्यांचं रुग्णालय हेग्गडदेवनकोटेच्या जंगलपट्ट्यातल्या आदिवासींसाठी उभं राहिलं आणि पुढे एचआयव्हीचे उपचारही त्याने अंगावर घेतले. शहरात आशाकिरण हे एचआयव्हीला वाहिलेलं रुग्णालय नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आहे. ज्या काळात चांगली मोठी रुग्णालयं रुग्णाला दारातूनच वाटेला लावत होती, तेव्हापासूनचं. आणि अशोदया समिती ही शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी, पुरुषांनी आणि तृतीयपंथीयांनी स्वतः चालवलेली संघटना. त्यांच्यातलीच माणसं नव्या रुग्णाबरोबर एआरटी सेंटरला जातात, रांगेत उभी राहतात, घरी येऊन गोळी घेतली का विचारतात. पोटऱ्यांवरचे लाल ठिपके डॉक्टरांच्या आधी या माणसांच्या नजरेला पडतात. म्हणून अशा विषयावरचं लेखन आधी त्यांच्यासाठी असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मीना सेषू यांच्या सांगलीतल्या ‘संग्राम’बरोबर काम करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनाही ते तितकंच लागू आहे.

म्हैसूरमध्ये निदानाला आणखी एक अडसर आहे. हेग्गडदेवनकोटेचं जंगल निलगिरीच्या डोंगररांगेला लागून आहे, आणि भारतात सिकल सेल आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्येच झाली. म्हणजे डोळे पिवळे आणि हिमोग्लोबिन सहा, असा माणूस तिथे समोर आला तर सिकल सेलचाही विचार करावा लागतो. गडचिरोलीच्या डॉक्टरला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात डेंगी येतो. प्लेटलेट ३० हजारांवर आल्या की घरचे पपईच्या पानांचा रस काढायला बसतात; म्हैसूरला तेच, पुण्यालाही तेच. रस पाजण्यात जे दोन-तीन दिवस जातात ते आयटीपीच्या रुग्णाला महाग पडू शकतात.

‘गरम पडलं’ या शब्दाखाली खरोखर काय काय दडलेलं असतं ते इथे थोडक्यात सांगतो, कारण गोळ्या नेहमीच निर्दोष असतात असं म्हणणं खोटं ठरेल. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी मोजक्या सरकारी रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचं जे. जे. त्यांत होतं. त्या पहिल्या वर्षांत झिडोव्हुडीन हे औषध सर्रास दिलं जायचं. ते मगजावरच हात ठेवतं. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन घसरलेले कितीतरी रुग्ण त्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. त्या रुग्णांचं ‘गरम पडलं’ हे म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. गंमत अशी की हेच झिडोव्हुडीन एचआयव्हीतल्या आयटीपीवर उपयोगी पडतं हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं, कारण विषाणू दबला की प्लेटलेट वाढतात. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राविर असलेली एकच गोळी मिळते, टीएलडी. तिचा मगजावर तसा भार नाही. पण सीडी-४ कमी असताना सोबत सेप्ट्रान दिली जाते, कधी तिच्या जागी डॅप्सोन. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी डॅप्सोनने फुटतात. तिथे प्रतिपिंडांचा काही संबंध नसतो, औषध बदललं की प्रश्न मिटतो. क्षय मगजात शिरू शकतो. पार्वोव्हायरस बी-१९ तांबड्या पेशींचं उत्पादनच थांबवतो. आणि सगळ्यांत नेहमीचं कारण, लोह आणि बी-१२ यांची कमतरता, ते तर आपल्या बायकांच्या पाचवीला पुजलेलं.

हे सगळं वेगळं कसं करायचं? काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की अर्ध्या गोष्टी उलगडतात. प्रतिपिंडांनी कुरतडलेल्या पेशी लहान, गोल, टणक दिसतात. त्यांना स्फेरोसाइट म्हणतात. रेटिक्युलोसाइट म्हणजे नवजात तांबड्या पेशी. पेशी मोडत असतील तर त्या वाढायला हव्यात. एलडीएच आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढतं. मग कूम्ब्स. पण इथे एचआयव्ही दोन ठिकाणी चकवा देतो. एक, एचआयव्ही असलेल्या पुष्कळ लोकांची कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह येते आणि त्यांच्या पेशी मात्र मुळीच मोडत नसतात. नुसत्या कागदावरच्या पॉझिटिव्हवर स्टेरॉइड सुरू करणं ही चूक ठरते. दोन, मगज विषाणूने आणि औषधांनी आधीच थकलेला असेल तर पेशी मोडत असूनही रेटिक्युलोसाइट वाढत नाहीत, आणि डॉक्टर ‘हे मगजाचं आहे’ म्हणून दुसऱ्याच वाटेला लागतात. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नसतं. चारही गोष्टी एकाच टेबलावर मांडून पाहायच्या असतात, आणि गोळ्या कुठल्या तारखेला सुरू झाल्या ते शेजारी लिहायचं असतं. ती तारीख हा या निदानातला सगळ्यांत स्वस्त पुरावा आहे.

मग येते रक्तपेढी, आणि तिथलं ते भीतिदायक वाक्य: “रक्त मॅच होत नाही.”

नातेवाइकांची गाळण उडवणारं दुसरं वाक्य मला माहीत नाही. रुग्णाचा गट ओ पॉझिटिव्ह, दारात सहा ओ पॉझिटिव्ह दाते उभे, आणि एकाचंही जुळत नाही. रुग्णाच्या रोगाचं नाव ज्याला माहीत नाही अशा दिराला वाटतं की रक्तपेढीवाले टाळताहेत. ज्याला माहीत आहे त्याला वाटतं, ‘कळलं यांना, म्हणून देत नाहीत.’ कारण वेगळंच असतं. या आजारातलं प्रतिपिंड बहुतेक वेळा जवळजवळ सगळ्याच माणसांच्या तांबड्या पेशींवर असलेल्या एखाद्या खुणेला चिकटतं. त्यामुळे कुणाचंही रक्त आणा, जुळणीच्या नळीत गुठळी होणारच. अशा वेळी रक्तपेढीतला तज्ज्ञ आधी एवढंच शोधतो की या गोंधळाच्या आड पूर्वीच्या रक्तामुळे किंवा बाळंतपणामुळे तयार झालेलं दुसरं एखादं धोकादायक प्रतिपिंड लपलेलं नाही ना. मग त्यातल्या त्यात कमी विरोध दाखवणारी पिशवी निवडली जाते आणि ती सावकाश, कुणीतरी शेजारी बसून, चढवली जाते. हिमोग्लोबिन चारवर आलेल्या, छातीत दुखणाऱ्या माणसाला ‘मॅच होत नाही’ म्हणून रक्ताविना ठेवणं ही फार मोठी चूक.

मराठी वाचकाला या जुळणीच्या विद्येचा अभिमान वाटावा असं एक पान आपल्या इतिहासात आहे. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे, भाटिया आदींना असे रुग्ण सापडले ज्यांच्या रक्तात ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर तो गट ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथलं प्रतिपिंड स्वतःच्या पेशींवर उठत नाही, हा फरक मूलभूत आहे. पण ‘कुठलंच रक्त जुळत नाही’ या वाक्यापुढे न थांबता ‘का जुळत नाही’ असं विचारणारी माणसं आपल्याच शहरात होती, हे के. आर. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञाला कुणीतरी सांगायला हवं.

उपचारांबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. तरी तीन-चार गोष्टी रुग्णाने आणि घरच्यांनी समजून घ्याव्यात अशा आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिला आधार असतं. आधीच प्रतिकारशक्ती कमी, त्यात स्टेरॉइड, ही भीती रास्त आहे. म्हणूनच ते सुरू करण्याआधी क्षयासाठी तपासणी करतात. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते प्रेडनिसोलोन लवकर जाळून टाकतं आणि डोलुटेग्राविरचाही डोस दुप्पट करावा लागतो. स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून एका दिवसात सोडायचं नसतं. पेशी भराभर बनत असतात तेव्हा फॉलिक ॲसिड लागतं. लोहाची गोळी मात्र या आजाराचं औषध नाही. आणि दिलीच असेल तर लक्षात ठेवावं: लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी डोलुटेग्राविरबरोबर घेतलं तर डोलुटेग्राविर अंगी लागत नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्यावीत, नाहीतर डोलुटेग्राविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. रक्त वाढावं म्हणून मायेने दिलेली लोहाची गोळी विषाणूचं औषध निकामी करू शकते, ही गोष्ट समुपदेशक ताईंनी प्रत्येक नव्या रुग्णाला सांगावी.

आणि एआरटी बंद करायची नाही. प्लेटलेटच्या आजारात तर एआरटी हाच उपचाराचा पाया आहे. गोळ्या सोडून-धरून घेतल्या तर काय होतं हे ३३ देशांत साडेपाच हजारांच्या आसपास लोकांवर केलेल्या ‘स्मार्ट’ या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवून दिलं: मधे मधे गोळ्या थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि आजार दोन्ही वाढले, एचआयव्हीशी थेट संबंध नसलेले आजारसुद्धा. चार दिवस बंद ठेवण्याचा सल्ला मायेचा असतो, पण त्या चार दिवसांत विषाणू पुन्हा वाढू लागू शकतो आणि चार दिवसांचे पुढे चार महिने होतात.

या विषयाची खरी गाठ वैद्यकीय नाही असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे. खाली जे चित्र काढतो ते कुणा एकाचं नाही, अनेकांचं मिळून आहे. माणूस आपल्या गावच्या सेंटरमधून गोळ्या घेत नाही, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जातो. डोळे पिवळे झाल्यावर मात्र गावातल्याच डॉक्टरकडे जातो, आणि तिथे गोळ्यांचं नाव काढत नाही. तिथला डॉक्टर काविळीच्या तपासण्या करतो. तिसऱ्या दिवशी शहरातल्या रक्ततज्ज्ञाकडे पाठवतो. रक्ततज्ज्ञ कूम्ब्स पॉझिटिव्ह पाहून सगळी कारणं शोधतो, फक्त एक सोडून, कारण ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिकडे एआरटी सेंटरच्या वहीत त्या माणसाच्या नावापुढे ‘आला नाही’ असं लिहिलं जातं. दोन कागद दोन जिल्ह्यांत पडून राहतात आणि मधे एक माणूस रक्ताविना पांढरा पडत जातो.

त्याने का लपवलं, असं विचारणं मला क्रूर वाटतं. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी भारतातल्या पहिल्या एचआयव्हीबाधित व्यक्ती शोधल्या. माहेरच्या त्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. वडिलांच्या नावाने त्यांनी १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे केंद्र उभारलं. मुंबईत जे. जे.मध्ये डॉ. अलका देशपांडे यांनी याच रुग्णांसाठी ओपीडी चालवली. आजाराइतकीच लोकांची नजर या माणसांना मारते, हे त्या पिढीच्या डॉक्टरांनी रोज पाहिलं. २०१७ चा एचआयव्ही कायदा आता सांगतो की रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तरीही केसपेपरवर तांबड्या शाईने खूण करण्याची सवय सगळीकडून गेलेली नाही. जोवर ती आहे तोवर रुग्ण खरं सांगणार नाही, आणि तो खरं सांगणार नाही तोवर रक्ततज्ज्ञाला अर्धाच आजार दिसेल. याचा दोष मी रुग्णाच्या पदरात टाकत नाही.

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या तीन राज्यांत त्यांची संख्या सर्वांत मोठी. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार, असं धोरण आहे, आणि ते उत्तम धोरण आहे: लोक लवकर गोळ्या सुरू करतात, त्यामुळे शरीर पार रिकामं होण्याआधीच सावरतं आणि हे उलटे प्रकार कमी होतात. पण उशिरा येणारे अजूनही येतात, सीडी-४ पन्नास, साठ असताना येतात. पहिल्या सहा महिन्यांत जपायचं ते त्यांना.

त्यांच्यापैकी कुणाच्या हाती ही पानं पडली, किंवा त्यांच्यासोबत रांगेत उभ्या राहणाऱ्या एखाद्या ताईच्या हाती पडली, तर विनंती एवढीच. डोळे पिवळे, लघवी काळपट, चालताना धाप, अंगावर लाल ठिपके, न थांबणारं रक्त, यातलं काहीही दिसलं तर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. एआरटीचं ग्रीन बुक, म्हणजे गोळ्यांच्या नोंदींची वही, पिशवीत घालून न्या, आणि खोलीत दुसरं कुणी नाही हे पाहून ते डॉक्टरांच्या हातात द्या. कुठे जावं ते कळत नसेल तर १०९७ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.